मोकळी खोली, कडक साहेब

"ही अंगणवाडी आहे की बैलबाजार?"

साहेब खोलीच्या मधोमध उभे होते आणि गावातली चिल्लीपिल्ली त्यांच्याभोवती गोल गोल धावत होती. एकाने तर साहेबांच्या पायांनाच खांब समजून वळण घेतलं. सेविका वनिताताई हाका मारून दमल्या होत्या. साहेब आमच्या प्रकल्पाचे नवे अधिकारी. मी पर्यवेक्षिका, म्हणजे वरची बोलणी खाली पोचवणारी बाई.

"मॅडम, यांना मुलं आवरत नाहीत. नोटीस काढा."

नोटीस निघाली की काम जायला वेळ लागत नाही, आणि वनिताताईंचं घर त्याच मानधनावर चालायचं. त्यांचा चेहरा उतरला. मला साहेबांचा राग आला, कारण याच खोलीत मागच्या भेटीत मी निवांत बसून आले होते. मग आजच काय झालं? बाहेर ओट्यावर पाहिलं, तर संत्र्याच्या लाकडी पेट्यांची थप्पी.

"ऑफिसातून फोन आलता मॅडम, खोली मोकळी दिसली पाह्यजे म्हणून," वनिताताई हळूच म्हणाल्या. "मंग मी सारं बाहेर काढलं."

आमच्या खात्याची ही रीतच आहे. साहेब येणार म्हटलं की आधी मुलांचं सामान बाहेर जातं. वनिताताईंनी या पेट्या आडव्या मांडून खोलीत कोपरे पाडले होते. एकीकडे भातुकली, एकीकडे ठोकळे, खिडकीपाशी चित्रांची पुस्तकं. पेट्या बुटक्या, त्यामुळे बाईंना सगळी पोरं दिसतात आणि बसलेल्या पोराला फक्त आपला खेळ दिसतो. तेवढ्या जागेत ते रमतं, बोलतं, शिकतं. रिकामी फरशी दिसली की धावतं. त्यात मस्ती काही नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मोबाईल बघत ऐकलं. मग मी दुसरा रस्ता धरला. सरपंचांकडे चहापोहे तयार होते.

"तुम्ही चहा घेऊन या साहेब, तोवर मी यांना समज देते."

"चांगली कडक द्या," म्हणून साहेब गेले.

समज वगैरे काही दिली नाही. आम्ही दोघींनी पदर खोचून पेट्या, खेळणी, पुस्तकं सगळं आत आणलं. पोरांनीही ढकलायला हात लावला आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

साहेब परतले ते दारातच थबकले. एक पोरगी बाहुलीला भात भरवत होती, एक पोरगा उलटं पुस्तक धरून गंभीरपणे वाचत होता. साहेबांकडे कोणी बघितलंही नाही. ते त्यांना जरा लागलं असावं.

"बघा मॅडम, एकदा कडक बोललं की कसं सगळं जागेवर येतं," ते म्हणाले. "नोटीस राहू द्या. फक्त त्या पेट्या काढा, अडचण होते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वनिताताईंनी माझा पदर ओढला.

"पेट्या हालवल्या त पोरं उठतीन सायेब. आता तुमच्या धाकानं बसून राह्यले, बसू द्या."

साहेब खूश झाले. पुढच्या मासिक मीटिंगमध्ये त्यांनी धाकाचं महत्त्व सगळ्या सेविकांना समजावून सांगितलं. मागच्या रांगेत वनिताताई बायकांना पेट्या कशा मांडायच्या ते सांगत होत्या. बऱ्याच अंगणवाड्या शांत झाल्या. साहेबांना वाटतं, त्यांच्यामुळे.

लहान मुलांना शिकवायचं तर आधी खोली नीट लावावी लागते. साहेबांना शिकवायच्या फंदात मी तेव्हापासून पडत नाही.