धरलेली जागा

मुखेड-लातूर एसटीत जागा धरायला सगळे खिडकीतून रुमाल टाकतात. माझ्यासारखीच लातूरला क्लासला जाणारी ती मात्र ग्रंथालयाचं पुस्तक टाकायची. "रुमाल कुणीबी उचलतंय, पुस्तकाला बिचकतेत," म्हणायची. मग माझ्या शेजारी बसून लातूरपर्यंत ओठ हलवत वाचायची. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परवा तिनं पुस्तक टाकलं आणि तेवढ्यात तिचा भाऊ मोटरसायकलवर आला. "घरी चल. तुला बघायला पाहुणे यायलेत." ती माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, पुस्तक मागेल.

"जागा धर," एवढंच म्हणाली आणि भावामागं बसली.

बस सुटली. जांबला चढलेल्या बाईंनी विचारलं, "इथं कुणी हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "यायलीय."

लातूर येईपर्यंत मी हेच सांगत होते.