हात थांबले का?

"भाऊ, वहिनी पहाटे उठून अंगणात सडा घालतात?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून हे विचारलं, तेव्हा मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "म्हणजे काय! लवकर उठायची सवयच आहे तिला."

"चौथ्या मजल्यावर?"

मग माझी ट्यूब पेटली.

झालं होतं असं. लेकीने दहावीच्या मराठीसाठी 'माझी आई' हा निबंध मोबाइलवर एआयकडून काढून घेतला होता. मी तो आदल्या संध्याकाळी वाचला आणि, खोटं कशाला सांगू, माझे डोळे पाणावले. त्यातली आई सडा घालत होती, तुळशीला पाणी घालत होती, जात्यावर ओव्या म्हणत होती. माझी बायको औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पहिली पाळी असली की कंपनीची बस चुकू नये म्हणून ती जिन्यातच चप्पल घालत पळते, आणि त्या वेळी ती जे म्हणते त्याला ओव्या म्हणता येणार नाही, कारण ते बहुतेक माझ्याबद्दल असतं. आमच्या बोईसरच्या इमारतीला अंगण नाही, पार्किंग आहे, आणि त्यात शेजाऱ्याची रिक्षा आहे. एवढी वर्षं संसार करून मला त्या निबंधात काहीही खटकलं नव्हतं.

लेकीची अडचण वेगळीच होती. त्यांच्या सरांनी असे निबंध ओळखून परत द्यायला सुरुवात केली होती. म्हणून मी तो कागद घेऊन बाईंकडे गेलो होतो. "जरा माणसाने लिहिल्यासारखा करून द्या," असं म्हणत.

बाई स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात बसत. पूर्वी त्यांचा मराठीचा क्लास होता. मुलं येईनाशी झाली, तेव्हा क्लास बंद झाला आणि त्यातलं एक टेबल नि एक खुर्ची एवढंच या कोपऱ्यात आलं. मूळच्या त्या सातपाटीच्या. आई अजून तिथल्या बाजारात मासे विकायला बसायची. बाई बोलायच्या पुस्तकी, स्वच्छ मराठी. पण दमल्या किंवा चिडल्या की सातपाटी बाहेर यायची. आणि अलीकडे त्या बहुतेक दमलेल्याच असायच्या.

"सगळ्या पोरांची आई एकच झालीय, भाऊ," त्या म्हणायच्या. "सगळ्यांच्या गावाला तीच खळखळती नदी. उमरोळीच्या पोराच्या गावात डोंगरावर धुकं, आणि बोईसरच्या चाळीतल्या पोरीच्या गावातपण तेच धुकं. कुठून येतं हो एवढं धुकं? आमच्याकडे तर कंपन्यांचा धूर हाय."

त्यांची निबंध माणसात आणायची रीत साधी होती. मुलाला त्या कागद परत द्यायच्या आणि सांगायच्या, "घरात ज्याचे हात कामात असतील, त्याला वाचून दाखव. ज्या वाक्याला त्याचे हात थांबतील ते ठेव. बाकीचं खोड. रिकामं बसलेल्याला अजिबात वाचू नको, तो नुसती मान हलवतो." हे शेवटचं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

दुसऱ्या दिवशी मूल आलं की पहिला प्रश्न, "हात थांबले का?"

ज्यांच्या घरी ऐकायला कोणीच नसे, त्यांच्यासाठी बाईंच्या पिशवीत कायम मेथीची जुडी किंवा पावट्याच्या शेंगा असत. "वाच," म्हणायच्या आणि खाली मान घालून सोलत बसायच्या. शेंगांचा ढीग वाढत जायचा आणि पोराचा चेहरा पडत जायचा.

आमच्या लेकीने आईला वाचून दाखवलं. आई कंपनीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. सडा झाला, तुळस झाली, ओव्या झाल्या, इस्त्री काही थांबली नाही. 'माझी आई कधीच थकत नाही' या वाक्याला मात्र थांबली. "हे कोणी सांगितलं गं तुला?" बायको म्हणाली.

बाईंनी अख्ख्या निबंधावर काट मारली आणि लेकीला नवं पहिलं वाक्य लिहायला लावलं. 'माझी आई थकते.' त्याच्यापुढचा निबंध लेकीने तिथेच, दुकानातल्या स्टुलावर बसून लिहिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. मला अजून वाचायला मिळालेला नाही. त्यात मीही आहे म्हणे.

एकदा मी तिथे असताना कंपनीच्या खोल्यांमध्ये मोठ्या भावाबरोबर राहणारा एक हिंदी मुलगा आला. शाळेत मराठी सक्तीची, विषय 'स्वावलंबन'. "मैडम, थोड़ी गलतियाँ डाल दो ना. सर को शक नहीं होगा."

"गलती क्या मसाला है, जो ऊपर से डाल दूँ?" बाई म्हणाल्या. "भाई को सुनाया? वो क्या कर रहा था?"

"आटा गूँध रहा था."

"हाथ रुके?"

"नहीं. मैं बीच में अटक गया, तो मैंने बोला, मतलब रोटी जल जाए तो भी अपनी ही है. तब वो हँसा. रुक गया."

"मग हेच लिही की! मराठीत लिही. पोळी करपली तरी आपलीच." मुलगा गेल्यावर त्या हसल्या नाहीत. कपाळ चोळत म्हणाल्या, "एवढं एक वाक्य काढायला अर्धा तास. बाहेर रांग हाय, आणि रांगेतल्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता पायजे. मी हे किती दिवस करू, सांगा."

मी मान हलवली.

मग त्यांची आई गेली.

दिवस झाल्यानंतर एका दुपारी बाईंनीच मला हाक मारून कोपऱ्यात बसवलं. सातपाटीच्या बाजारातल्या बायका त्यांच्या आईसाठी सभा घेणार होत्या. 'तू शिकलेली, तू दोन शब्द बोल,' असं सगळ्यांनी बाईंना सांगितलं होतं. त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. 'कष्टाची मूर्ती, मायेचा सागर' अशी सुरुवात होती.

मी वाचला आणि म्हणालो, "फार छान आहे हो. डोळ्यांत पाणी आलं."

"तुमच्या डोळ्यांत चौथ्या मजल्यावरच्या सड्यालापण आलं होतं."

मग त्याच म्हणाल्या, "एआयकडून काढलाय. मी लिहायला बसले की गळा भरतो. त्याचा भरत नाय." कागद परत ओढून घेत, "पण बायका ओळखतील. आईच्या सभेत मी परक्याचं बोलले, असं व्हायला नको. आणि नायच बोलले, तर जन्मभर ऐकवतील. आणि माझं मलापण टोचत राहील."

"कोणाला वाचून दाखवलात?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

बाई शेंगांच्या पिशवीकडे बघत राहिल्या. "लहानपणापासून माझं वाचलेलं ऐकणारी एकच होती, भाऊ. तीच गेली ना."

अशा वेळी मला शहाणपण सुचत नाही. मी म्हणालो, "आमच्या घरी चला. आज हिची सुट्टी आहे, कोळंबी साफ करतेय."

आमची ही घाटावरची. कोळंबी सोलायला इकडे येऊन शिकली, आणि शिकलीय असं तिचं म्हणणं आहे. बाई दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, काळा दोरा राहतोय पाठीतला." मग समोर जमिनीवर बसल्या आणि कागद वाचायला लागल्या. कष्टाची मूर्ती आली, मायेचा सागर आला, त्यागाची ज्योत आली. हिचे हात भराभर चाललेले. निम्म्यावर बाईंनी कागद खाली ठेवला.

"नाय थांबत," त्या म्हणाल्या.

"बाई, आईंना तुम्ही वाचून दाखवायचात म्हणे, काय वाचायचात?" हिने मान वर न करता विचारलं.

"शाळेचा धडा. ती मासे कापायला बसायची, मी समोर पुस्तक धरून. चांगली गोष्ट आली की कोयता थांबायचा तिचा. मग मला बोलायची, पुढचं वाच, पुढचं वाच. मी मुद्दाम थांबायची. मग तीच पुढे वाकून पान उलटायची. हात माशाचे, म्हणून कोपराने. पुस्तकाला वास लागू नये म्हणून. वाचता येत नव्हतं तिला. पण पुढच्या पानावर काय झालं ते तिला पायजे असायचं."

हिच्या हातातली कोळंबी हातातच राहिली.

बाईंनी ते पाहिलं. "थांबले," एवढंच म्हणाल्या. छापील कागद त्यांनी सालींखाली सरकवला.

सभेला आम्ही दोघं सातपाटीला गेलो. बायका बाजार उरकून, टोपल्या भिंतीला लावून बसल्या होत्या. बाई फार चांगलं बोलल्या, असं मला म्हणता येणार नाही, कारण त्या कोपराने पान उलटण्यापर्यंत आल्या आणि पुढे बोलताच येईना. मला वाटलं, मीच त्यांना यात ढकललं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् आमी हसायचो तिला! पोरीची शाळा सुटायच्या आत माल संपवायची. पडेल भावात देऊन टाकायची. बोलायची, माझी पोर आज पुढचा धडा वाचणार हाय."

"धडा आमाला येऊन सांगायची," दुसरी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. निम्मा चुकीचा."

बायका हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. उरलेली सभा त्यांनीच चालवली. बाई मध्ये बसून नुसत्या ऐकत होत्या. आपण वाचलेलं आई इतक्या जणींना सांगायची, हे त्यांना तिथे कळलं.

त्यानंतर बाई दुकानात आल्या नाहीत. भावाकडे सातपाटीलाच राहिल्या. फोनवर म्हणाल्या, "झालं आता, भाऊ. पोरांनी आधी काहीतरी बोलायला पायजे, मग मी ऐकणार. नुसतं खोडत बसायला माझ्यात जीव नाय राहिला." त्यांच्या कोपऱ्यात आता लॅमिनेशनचं मशीन आहे. मुलं अजून विचारत येतात. दुकानदार त्यांना सांगतो, की त्यासाठीही ॲप निघालंय, बटण दाबलं की निबंध माणसाचा होतो.

मी हे जे लिहिलंय, ते रविवारी हिला वाचून दाखवलं. रीतसर, ती कोळंबी साफ करत असताना. संपल्यावर पाहिलं तर हिचे हात आपले चाललेलेच. माझं तोंड पडलं.

"एकदाही थांबले नाहीत?" मी विचारलं.

"थांबले होते की," ती म्हणाली. "तुम्ही कागदात बघत होता."