फादर एक्स्पायर्ड

तेव्हा मी सौदीत, रास तनुराला सुतारकाम करत होतो. एक दिवस गावाहून तार आली, ‘फादर एक्स्पायर्ड’. तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा रंधा मारायला लागलो. रडू आलं नाही. दुपारी भूक मात्र वेळेवर लागली, तिचाच राग आला.

तेराव्याला तरी आईजवळ असावं, एवढंच डोक्यात होतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, आणि आमच्या गोऱ्या इंजिनीयर साहेबाने शब्द टाकल्याशिवाय तो लवकर हलणार नव्हता. साहेब नेहमीच्या घाईत होता. मी म्हटलं, “सर, फादर एक्स्पायर्ड.”

“एक्स्पायर्ड? डोन्ट वरी, रिन्यू होईल!” म्हणत तो जीपमध्ये बसलासुद्धा. रजेचं ओठांवरच राहिलं.

कॅम्पात एक्स्पायर व्हायचा तो इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना. माझे वडीलही इथंच कुठे कामाला आहेत, असं त्या भल्या माणसाला वाटलं असावं. चूक तिथल्या तिथे सुधारता आली असती. पण ‘डेड’ हा शब्द मला वडिलांना लावता येईना. आमच्याकडे वडील जातात, वारतात. ‘मेला’ ही शिवी आहे.

शुक्रवारी सुट्टीला तोच मला वाळूच्या टेकड्यांवर घेऊन गेला. त्याच्या देशाहून आणलेल्या, बर्फावरून घसरायच्या फळ्यांचे पट्टे मी दुरुस्त केले होते, त्याचं हे बक्षीस. पायांना फळ्या बांधून घसरायचं, धापा टाकत वर चढायचं आणि पुन्हा घसरायचं, याला हे लोक मजा म्हणतात. एकट्याला गाठून सांगू, म्हणून मी गेलो.

सगळ्यात उंच टेकडी चढताना वाळू पाय मागे ओढत होती. माथ्यावर त्याने माझ्या पायांत फळ्या अडकवल्या आणि “यल्ला!” म्हणून पाठीवर थाप मारली. एरवी त्या उतारावर मी बसकण मारली असती. त्या दिवशी भीतीही वाटली नाही, काहीच वाटलं नाही. गुडघे न वाकवता, ओंडका सोडावा तसा निघालो. अर्ध्यावर पडलो आणि गडगडत तळाशी आलो.

साहेब मागोमाग घसरत आला. मला उठवून बसवलं, पाणी दिलं, तोंडातली वाळू थुंकेपर्यंत थांबला. मग आपुलकीने विचारलं, “फादरचं काय झालं? रिन्यू झालं?”

मी चूळ भरली.

“नो सर. फादर डेड.”

त्याच्या हातातली बाटली वाळूत पडली. उद्या सकाळी मी स्वतः कफीलकडे येतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी नुसती मान हलवत होतो. माझे वडील मेले, असं कुणीतरी मोठ्याने बोललं होतं, आणि तो आवाज माझा होता.