तळपायावरचा लेप

नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. तो तिनं केला, मी कधी मानला नाही, पण चालला तिचाच. लग्न होऊन अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात ती पार्किंग लॉटमध्ये बर्फावर घसरली आणि घोटा टम्म सुजला. मी बूट काढायला खाली वाकलो तर पाय झटकन मागं. पाप लागतं म्हणे. कळवळत स्वतःच बूट काढला. मी नागपूरचा माणूस, डोकं तापायला वेळ लागत नाही. तिच्या माहेरच्या समस्त पुणेकरांचा तिथंच उद्धार केला. तिनं ऐकून घेतलं आणि लंगडत जाऊन कुकर लावला.

मी कार कंपनीतून रिटायर झालो आणि वर्षभरातच तिला पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि तिची झोप गेली. झोप जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुखणं ती सोसायची, उलट्याही सोसायची. पण सकाळी डोळ्यांखाली काळं घेऊन बसली की बोलायचं त्राण नसायचं. झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येऊन एकदा बाथरूममध्ये पडली, तेव्हापासून गोळ्यांचं नाव काढू देईना. मला एवढंच हवं होतं, की या बाईला सलग चार तास झोप लागू दे. बरं होण्याचं डॉक्टरांनी बघावं, झोपेचं मी बघीन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शेजारच्या घरी एक चिनी आजी राहत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिला चिनी. तरी दोघींची मेथीच्या आणि कांद्याच्या पातीच्या वाफ्यावरून घट्ट मैत्री. आजींनी हिचा चेहरा बघितला आणि सुनेला मध्ये घालून सांगितलं, की पोटात काही घेऊ नको, बाहेरून उपाय कर. संध्याकाळी औषधी पाल्याच्या कढत पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, कोरडे करायचे आणि तळव्याच्या खोलगट जागी एका कडू फळाची पूड व्हिनेगरमध्ये कालवून लावायची. वर कापड, त्यावर पट्टी, सकाळी काढायची. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. केमो चालू असताना पोटात कुठलंही झाडपाल्याचं नको, पण कातडी फुटलेली नसेल तर बाहेरून लावा, म्हणाल्या.

आजींबरोबर चिनी दुकानात गेलो. भिंतभर लाकडी खण, आणि सगळ्या दुकानाला ओल्या लाकडाचा वास. ते फळ म्हणजे मिरीएवढे हिरवट-काळे दाणे. दुकानदारानं पूड करून दिली. वास असा उग्र, की मी गाडीत शिंकून शिंकून बेजार झालो. घरी आल्यावर पहिले काही दिवस आजींनीच हिचे पाय पुसले, लेप लावला. पाप-पुण्य काही आड आलं नाही. हिला थोडी झोप लागायला लागली.

मग आजींच्या मुलाची नोकरी बदलली आणि ते सगळे दुसऱ्या राज्यात गेले. हिच्या पोटावरचे टाके ओढत, वाकता येत नव्हतं. लेक जर्सी सिटीला, तीही महिन्यातून एकदा येणार. मराठी मंडळातल्या काकू दोनदा येऊन गेल्या, पण रोज कोण येणार? राहिलो मी.

मी टब भरून आणला तर बाईसाहेब पाय पोटाशी घेऊन बसल्या. मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. माझे डोळे जळायचे तेव्हा तू माझ्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायचीस ना, तेव्हा कुणाला पाप लागत नव्हतं? ते वेगळं, म्हणाली. लेकीला फोन लावला, स्पीकरवर घेतला. लेक म्हणाली, "मॉम, जस्ट लेट हिम, यार." त्यावर आईला यार म्हणतात का, याचंच लेक्चर झालं. शेवटी मला म्हणाली,

"नवऱ्याकडून पाय पुसून घ्यायचे आणि वर झोपही लागली पाहिजे? अहो, असलेली उडेल."

दोन दिवस अशीच जागी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनंच तोडगा काढला. मी एका पायाला लेप लावला की ती मला एक नमस्कार करणार, दुसऱ्याला लावला की दुसरा. हिशेब तिथल्या तिथं मिटणार. वाकता येत नसल्यामुळे नमस्कार बसल्या जागी, हात जोडून. मी म्हटलं, चालेल, आरती पण कर.

उन्हाळ्याचे दिवस होते. मिशिगनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. त्या उजेडात मागच्या खोलीत आमचा कार्यक्रम चाले. लेप थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट हवा, नाहीतर ओघळतो, हे मला हळूहळू जमलं. तिच्या टाचेला भेगा होत्या. करंगळी थोडी आत वळलेली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचे पाय असे कधी बघितलेच नव्हते. मी पट्टी चिकटवली की ती डोळे मिटून हात जोडायची आणि पुटपुटायची. काय पुटपुटतेस, विचारलं तर सांगायची नाही. मी पट्टी वाकडी लावली की मात्र लगेच कळायचं. पुणेरी चिकित्सकपणा, कॅन्सरनंही गेला नाही.

झोप लागायची. रोज नाही, पण लागायची. मी लेपाचं कौतुक केलं तर म्हणे, औषध कसलं, तुमच्याशी भांडून दमते म्हणून झोप लागते. मला तेही चाललं असतं. मी जन्मभर भांडलो असतो.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी केमो थांबवली. आता घरीच ठेवा, नर्स येत जाईल, म्हणाल्या. मी गाडीत ढसाढसा रडलो आणि तोंड धुऊन आत आलो. लेक सुट्टी घेऊन आली. नर्सनं दुखण्यावर जिभेखाली घालायचं, गुंगी आणणारं औषध दिलं. लेपाचं विचारलं तर म्हणाली, त्रास होत नसेल तर लावा. म्हणून मी थांबलो नाही. टब मात्र झेपेना, ओल्या टॉवेलनं पाय पुसायला लागलो.

एका संध्याकाळी मी तिचे पाय मांडीवर घेतले. ते आपले पडून राहिले. रोज मी हात लावला की अंगठा तरी आखडायचा, सवयीनं. त्या दिवशी तेही नाही. एका पायाला लेप लावला, पट्टी लावली, वर बघितलं. ती झोपली होती. गाढ, तोंड जरा उघडं, श्वास संथ. दारात लेक उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. खूप दिवसांनी आईला औषधाआधीच अशी झोप लागली होती.

मी ज्या झोपेसाठी उन्हाळाभर झटलो, ती ही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला इतकी भीती वाटली, की मी तिचा खांदा धरून तिला हलवलं. लेक ओरडली, बाबा, व्हॉट आर यू डूइंग. मी ऐकलं नाही. आणखी हलवलं.

"अगं, ऊठ. नमस्कार राहिला तुझा."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं. हात उचलायला गेली, तो गादीवरून वर आला नाही.

"उद्या दोन्ही एकदम करते हं," म्हणाली आणि परत झोपली.

मी दुसऱ्या पायालाही लेप लावला. लेक म्हणत होती, बाबा, तिला झोपू दे, शी इज फाइन. लेकीला काय माहीत. आजचं काम उद्यावर टाकणारी बाई नव्हती ती.