पाहुण्यासाठी पुसलेला घड

द्राक्षांच्या पेटीतल्या गंधकाच्या कागदाचा वास आला की निफाडच्या आमच्या मळ्यात आलेला हॉलंडचा तो व्यापारी आठवतो. यंदा माल चिलीचा घ्यायचा की आमचा, हे तो त्याच दिवशी ठरवणार होता आणि आमच्या घरात सकाळपासून नुसती धांदल! आईने त्याच्यापुढे द्राक्षांचं ताट ठेवलं. त्याने एक मणी बोटांत फिरवला आणि मला विचारलं, "ही शीतगृहातली जुनी आहेत का?" ताज्या मण्यांवर असते ती पांढुरकी पावडर एकाही मण्यावर नव्हती. वडिलांचा चेहराच उतरला. मी आईला त्याचा प्रश्न सांगितला. "अरे, मीच पुसलीत पदरानं! पाहुण्याला काय धुळीची द्यायची? चल म्हणावं, झाडावरची दाखवते!" ती पुढे, तो मागे, आम्ही सगळे पळतच. त्याने वेलीवरचा घड देठाला धरून उन्हात उचलला, दोन मणी कडकन फोडले आणि हसत म्हणाला, "पहिला कंटेनर कधी भरताय?" वडिलांनी टोपीच हवेत उडवली! आता दरवर्षी आमचा माल तिकडे जातो. त्या घडांना आई कुणाला बोट लावू देत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला मात्र अजूनही पुसूनच देते.