मावशींची पूड

प्रयोगशाळेतल्या मावशी बारा वर्षं संत्र्याच्या साली धूत आल्या होत्या. रसवाल्याकडून टोपली आणायची, साली कोमट पाण्यात खळबळायच्या, पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग सावलीत वाळवून दगडी खलात कुटायच्या. ही पूड दूषित पाण्यातलं तांबं, शिसं धरून ठेवते. ज्यांना महागडी यंत्रं परवडत नाहीत त्यांच्या उपयोगी पडेल, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. 'मावशींची पूड' हे नाव मॅडमनीच दिलेलं. घरी सुनेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, ते मावशींनी हसून सोडलं. इथलं मात्र सोडवत नव्हतं.

यंदा संशोधनाला नवी मुलगी आली आणि आठवडाभरात मॅडमच्या तोंडी 'मावशींची पूड' 'हिची पूड' झाली.

"मावशी, तुम्ही नुसत्या धुवा. कुटायचं मी बघते."

"बघ बाई. आमचे हात पाण्यातच बरे."

मुलीने घरून चकचकीत पितळी खलबत्ता आणला. मावशी चपापल्या. पितळेत तांबं, साल आंबट, कळकणारच. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात मॅडमनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "उत्साह बघा हिचा!" बारा वर्षांत तो हात मावशींच्या खांद्यावर आला नव्हता. त्यांनी शब्द गिळले.

चाचणीच्या दिवशी पूड घ्यावी का ते बघायला एका कारखान्याचे साहेब समोर बसले होते. त्यांनी आणलेल्या पाण्यात पूड ढवळली, पाणी गाळलं, यंत्राने आकडा दाखवला. तांबं वाढलं होतं.

"मॅडम, तुम्ही काढताय की घालताय?" असं म्हणून साहेब हसतच निघून गेले.

मॅडम वळल्या. "मावशी, साली नीट धुतल्या नव्हत्या ना?"

मावशींची कानशिलं तापली. त्या काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "नाही मॅडम, त्यांचं धुणं मी रोज पाहते. चूक माझीच असणार. कुठे, तेच कळत नाही."

चांगुलपणातही पोरगी पुढे गेली होती. ते मावशींना सगळ्यांत जास्त लागलं.

"खल पितळेचा आहे," त्या म्हणाल्या. "आंबटाने कळकला, तांबं पुडीत उतरलं. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हिचं बिघडावं असं वाटलं."

मॅडमनी यंत्र बंद केलं आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. मुलीने वही उघडली.

"मावशी, पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेते."

मावशी सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांची नजर वहीवर गेली. पोरीचं अक्षरही मेलं सुरेख होतं.