पाणीपट्टी आणि मामंजींचं गाऱ्हाणं

पट्टीच्या नावाने कुरकुर करणं हा आमच्या वाडीचा आवडता उद्योग होता. दिवेलागणीला पुरुषमंडळी कुणाच्या तरी ओटीवर जमायची, सुपारी कातरली जायची आणि म्युनिसिपालटीचा उद्धार सुरू व्हायचा. घरपट्टी वाढली, दिव्याच्या खांबात तेल नाही, गटार कोणी झाडत नाही. शेवटी गाडी पाण्यावर यायची. रत्नागिरीतल्या खालच्या आळ्यांना नळ मिळाले होते. आमची वाडी टेकडीवर, म्हणून आमचा नळ घाटीच्या पायथ्याशीच थांबला होता, पाणीपट्टी मात्र वरपर्यंत आली होती. "पट्टी मागायला शिपाई घाटी चढून येतो, मग पाण्यालाच कसा दम लागतो?" असं कुणीतरी म्हणायचं, सगळे खो खो हसायचे आणि जेवायला घरी जायचे. मला त्या हसण्याचा संताप यायचा. हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी डोक्यावर घागर घेतली नव्हती.

पाणी आम्ही बायका भरायचो. घाटी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, त्याही झिजलेल्या, पावसाळ्यात शेवाळाने हिरव्यागार. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी श्रावणात मी त्या घाटीवर भरल्या घागरीसकट घसरले. सातवा महिना चालू होता. मूल गेलं. मुलगा होता असं सुईणीने सांगितलं, मला दाखवला नाही. नवरा मुंबईला गोदीत कामाला. पावसाळ्यात बोटी बंद, तो घाटावरून फिरून आला, चार दिवस माझ्याजवळ बसला आणि परत गेला. सासूबाई रडल्या. वाडीतल्या बायका येऊन बसून गेल्या. मामंजी मात्र काही म्हणाले नाहीत.

तसे ते माझ्याशी कधीच काही बोलत नसत. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. काही हवं असलं तर सासूबाईंकडे बघून "तिला सांग" म्हणायचे, आणि मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मामंजी आयुष्यभर समुद्रात मचवा हाकणारे तांडेल होते. आता घरी बसले होते, पण ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, आणि तो आवाज अजून समुद्रावरचाच होता. हात जोडून देवापुढे उभं राहायचं, गावाची सुखदुःखं एकेक करून सांगायची आणि प्रत्येक वाक्याला मागच्या लोकांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची, हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय सांगणार? पण घरात हाच माणूस मुका. माझं मूल गेल्याचं ह्यांना काही वाटलंच नसेल, असं मी मनाशी धरून चालले होते आणि त्यांच्या ताटात भात वाढताना आतल्या आत धुमसत होते.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. सुईणीने बजावलं, डोक्यावर ओझं नको. सांगायला काय जातं! सासूबाईंना दमा. त्या एक खेप करायच्या आणि ओटीवर धापा टाकत बसायच्या. उरलेल्या खेपा माझ्याच. एकेका पायरीवर पाय टेकवताना मी देवाचं नाव घ्यायची. जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि त्याच हिवाळ्यात पाणीपट्टी पुन्हा वाढली. मग मात्र ओटीवरच्या कुरकुरीला एकदाचे पाय फुटले. सगळी वाडी मिळून म्युनिसिपालटीत जायचं ठरलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पुरुष जाऊन काय सांगनार? पानी आमी भरताव." म्हणून आम्ही बायकाही निघालो, रिकाम्या कळशा कमरेवर घेऊन. बोलायचं कुणी, ह्यावर फार घोळ झाला नाही. चारचौघांत न अडखळता बोलणारा वाडीत एकच माणूस होता. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला रुमाल बांधला आणि पुढे चालू लागले.

म्युनिसिपालटीच्या मोठ्या दालनात वहाणा बाहेर काढून पुरुष आत गेले. वहाणा काढायला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बायका व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना लागून. समोर लांब टेबल, टेबलाच्या टोकाला अध्यक्षसाहेब. काळा कोट, सोनेरी काडीचा चष्मा, नावाजलेले वकील. मूळचे जयगडकडच्या एका गावचे होते, पण ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. "बोला, काय तक्रार आहे?" असं त्यांनी विचारलं.

मामंजी पुढे झाले. "सायेब, आमी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. खाकरले. पुन्हा "सायेब" म्हणाले, पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला. मला बाहेर मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस उभ्या जन्मात उभा राहून बोलला होता तो फक्त देवापुढे. साहेबापुढे कसं बोलतात ते त्याला येतच नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि जे येत होतं ते सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही वाडी तुज्या दारात हुबी हाय."

मागच्या लोकांना सवयच. एका दमात आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" टेबलाशी बसलेला कारकून दचकून अर्धा उभा राहिला.

"घरपट्टी भरताव, पानीपट्टी भरताव, चुकवत नाय."

"व्हय म्हाराजा!"

"खांब हाय, तेल नाय. गटार हाय, झाडनारा नाय. नळ पायथ्याला ऱ्हायलाय, वर येत नाय."

"व्हय म्हाराजा!" आता आम्ही बायकाही त्यात होतो. काकींचा आवाज तर सगळ्यांच्या वर.

मग मामंजींचा आवाज खाली आला. "माज्या घरची लक्षुमी पोटुशी हाय. मागल्या खेपेला त्याच घाटीवर तिचा पाय सरला नि माजा नातू गेला. मी म्हातारा नुसता बसून ऱ्हायलो. तिच्या डोक्यावरली घागर खाली उतरव. शिमग्याच्या आत नळ वर आन, नि तिची वटी भरलेली ऱ्हाव दे, म्हाराजा!"

ह्या वेळी मागून आवाज आला नाही. पुरुष खाली बघत होते, बायकांनी पदर तोंडाला लावले होते. मी गज घट्ट धरून उभी होते. इतका वेळ दुसऱ्याच कुणाचं चाललंय अशी ऐकत होते, आणि हे माझं होतं. गाऱ्हाणं घातलं आणि साथ आली नाही असं आमच्याकडे कधी होत नाही, त्यामुळे ती शांतता सहन होईना. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

अध्यक्षसाहेब उभे होते. हात जोडलेले, मान लवलेली, डोळे मिटलेले. लहानपणापासून देवळात जे म्हणत आले तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. डोळे उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठे आहोत ते. कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. साहेब आधी कानापर्यंत लाल झाले, मग स्वतःच हसायला लागले. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता व्हय म्हटलं ते म्हटलं. देवाला काय नाही म्हणून सांगू?"

शिमग्याच्या आत काही नळ आला नाही. सरकारी काम ते! पालखी नाचून देवळात परतली तरी खणणं चालूच होतं. पण नळ आला. पलीकडच्या उंच टाकीवरून फिरवून आणला, थेट काकींच्या परसापर्यंत. पट्टी काही कमी झाली नाही, आणि खांबात तेल नसायचं ते नसायचंच. तरी मी त्या अध्यक्षसाहेबांचं नाव घेऊन आजही हात जोडते. हसण्यावारी नेऊन विसरून जाणं त्यांना किती सोपं होतं.

नळ यायच्या आधीपासूनच मात्र माझ्या डोक्यावर घागर चढली नव्हती. म्युनिसिपालटीतून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाडीतली प्रत्येक बाई आपल्या खेपेसोबत आमच्या घरची एक कळशी आणून ओतायची. कुणी ठरवलं, कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी आभार मानायला गेले तर काकींनी मला झिडकारून लावलं.

वैशाखात मला मुलगी झाली. फार त्रास झाला, सकाळची दुपार झाली. मग ती रडली, चांगली टाहो फोडून. आणि तिच्यामागोमाग ओटीवरून दुसरा आवाज आला. मामंजी रडत होते, तांडेलाच्या त्या आवाजात, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असे. सुईण पोरीला पुसता पुसता थांबली, दाराकडे बघून मला म्हणाली, "बाय माजे, आता ह्या दोघांतल्या आधी कोनाला गप करू?"